शाळेतला पोलीस नक्की कुणाचा माणूस? अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी

मागच्या महिन्यात मी आमच्या गावच्या स्कूल बोर्डाच्या मीटिंगला गेले होते. गेले होते खरं तर बसच्या रूटबद्दल बोलायला, सहावीतल्या मुलीला कडाक्याच्या थंडीत मोठ्या रस्त्यालगत उभं राहावं लागतं म्हणून. बसल्या बसल्या अजेंडा वाचत होते तर त्यात एक ओळ दिसली, पोलीस खात्याशी असलेल्या कराराचं नूतनीकरण, हायस्कूलला एक आणि मिडल स्कूलला एक अधिकारी. ती ओळ आणखी वीसएक ओळींबरोबर एका गठ्ठ्यात होती, कॅफेटेरियाचं दूध, छताची दुरुस्ती, कुणाची तरी रजा, आणि त्यातच हे. एकाने मांडलं, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, सगळे हो म्हणाले, संपलं. माझ्या मुलीच्या शाळेत रोज कमरेला पिस्तूल लावून कोण फिरणार आणि त्याला काय काय करायची मुभा असणार हे मिनिटभरात ठरलं आणि हॉलमध्ये एकानेही प्रश्न विचारला नाही, मीही नाही, कारण विचारायचं काय तेच मला तेव्हा माहीत नव्हतं.

रविवारी मराठी शाळेत मुलं आत बाराखडी गिरवत असतात आणि आम्ही पालक बाहेर कॉफी घेऊन बसतो, तिथे मी हा विषय काढला. एक जण म्हणाला बरंच आहे की, बंदुकांचा देश आहे हा, कुणीतरी दारात असलेलं चांगलं. दुसरी म्हणाली आपली मुलं कुठे मारामाऱ्या करतात, आपल्याला काय करायचंय त्या पोलिसाशी. मला हे दुसरं वाक्य जास्त खटकलं, आणि त्याच्यासाठीच गेले तीन आठवडे वाचून, विचारून जे समजलं ते इथे सांगतेय. मी न्यू जर्सीत राहते म्हणून इथले दाखले जास्त येतील, पण टेक्सास काय, कॅलिफोर्निया काय, साधारण चौकट सारखीच आहे.

आधी एक गोंधळ काढून टाकू. डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्या डोक्यात जिल्हा येतो, कलेक्टर, एसपी, झेडपी. इथला स्कूल डिस्ट्रिक्ट तसा नाही. ती फक्त शाळा चालवणारी वेगळी संस्था आहे, बहुतेक ठिकाणी तिचं बोर्ड लोक निवडून देतात, तिचं बजेट वेगळं, आणि न्यू जर्सीत तर प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात शाळेचा आकडा वेगळा छापलेला असतो, तो बघून आपण दर वर्षी सुस्कारा सोडतो. आणि पोलीस? आपल्याकडे पोलीस राज्याचे, गृहखात्याचे. इथे ते बहुतेक करून गावाचे किंवा शहराचे असतात, मेयर आणि काउन्सिलच्या हाताखाली, आणि काही भागात काउंटीच्या शेरिफचे. म्हणजे शाळा एकाची आणि पोलीस दुसऱ्याचा. शाळांचा सुपरिंटेंडंट पोलिसाला हुकूम सोडू शकत नाही आणि पोलीस चीफ शाळा चालवू शकत नाही. म्हणून दोघांमध्ये एक करार होतो, त्याला एमओयू म्हणतात, आणि त्या करारावर शाळेत येऊन बसणाऱ्या अधिकाऱ्याला एसआरओ म्हणतात, स्कूल रिसोर्स ऑफिसर. पगार एका घरचा आणि काम दुसऱ्याच्या अंगणात, असा हा मामला आहे, आणि बाकी सगळी भानगड इथूनच सुरू होते.

हा काही सिक्युरिटी गार्ड नसतो हे आधी लक्षात घ्या. दारात आयडी बघणारे, व्हिजिटरचा पास देणारे लोक वेगळे. एसआरओ हा पूर्ण अधिकाराचा पोलीस असतो, शपथ घेतलेला, हत्यार बाळगणारा, अटक करू शकणारा. केंद्राच्या कायद्यातली व्याख्यासुद्धा हेच सांगते, पोलीस खात्याने शाळांबरोबर मिळून काम करायला नेमलेला कायमस्वरूपी अधिकारी. त्याचे बाकीचे अवतारही आहेत. लॉस एंजेलिस, ह्युस्टन अशा ठिकाणी डिस्ट्रिक्टचं स्वतःचंच पोलीस खातं आहे, टेक्सासमध्ये तर असे डिस्ट्रिक्ट ढिगाने आहेत. न्यूयॉर्क शहरात 1998 पासून शाळांची सुरक्षा शहर पोलिसांकडे गेली, पण तिथले शाळेतले एजंट युनिफॉर्म घालतात आणि बंदूक बाळगत नाहीत. आणि आमच्या न्यू जर्सीत 2016 च्या कायद्याने आणखी एक प्रकार काढला, क्लास थ्री अधिकारी, म्हणजे निवृत्त झालेले, पासष्टच्या आतले पोलीस, जे फक्त शाळांच्या बंदोबस्तासाठी नेमतात. स्वस्त पडतात म्हणून बरीच गावं आता त्यांना घेतात. त्यामुळे तुमच्या शाळेतला काळा-निळा युनिफॉर्म नक्की कोणत्या जातीचा आहे हे आधी विचारून घ्या, कारण अधिकार त्यावर ठरतात.

ही कल्पना जुनी आहे, 1950 च्या दशकात मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात पहिल्यांदा पोलीस अधिकारी शाळेत नेमला गेला असं मानतात, हेतू हा की मुलांची आणि पोलिसांची ओळख व्हावी. पण बरीच वर्षं हे तुरळकच होतं, 1975 च्या सुमाराला शंभरात एखाद्या शाळेत पोलीस असायचा. मग 1994 मध्ये बंदूक आणणाऱ्या मुलाला किमान वर्षभर शाळेतून काढायचं असा कायदा आला, त्याच वर्षी केंद्रात गावोगावच्या पोलिसांना ग्रँट देणारं कॉप्स नावाचं ऑफिस निघालं, आणि 20 एप्रिल 1999 ला कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला, 12 मुलं आणि एक शिक्षक गेले. त्यानंतर केंद्राकडून शाळेतल्या पोलिसांसाठी पैशांचा ओघ सुरू झाला आणि 2015-16 पर्यंत जवळजवळ निम्म्या सरकारी शाळांमध्ये पोलीस येऊ लागला होता. कोलंबाइनच्या त्या शाळेतही त्या दिवशी नेमलेला अधिकारी होताच आणि त्याने गोळीबारही केला होता, ही गोष्ट कुठल्याच चर्चेत कुणी काढत नाही.

पैशाचं गणित थोडक्यात सांगते. केंद्राची ग्रँट मिळाली तर ती साधारण तीन वर्षांसाठी पगाराचा 75 टक्क्यांपर्यंत भाग उचलते, उरलेला गावाने घालायचा, आणि ग्रँट संपल्यावरही किमान वर्षभर ती पोस्ट ठेवावी लागते. नंतरचा खर्च गाव आणि डिस्ट्रिक्ट आपसात वाटून घेतात. शाळा 180 दिवसांची असल्यामुळे उन्हाळ्यात अधिकारी परत गस्तीवर जातो, म्हणून वाटणी कधी अर्धी अर्धी असते, कधी डिस्ट्रिक्ट जास्त देतं. डिस्ट्रिक्टने दिलेला प्रत्येक डॉलर शाळेच्या बजेटमधून जातो हे मात्र विसरू नका, म्हणजे त्याच पैशात काउन्सेलर येऊ शकतो, नर्स येऊ शकते. एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने 2019 मध्ये सरकारी आकड्यांवरून हिशोब मांडला होता की देशात 1 कोटी 40 लाख मुलं अशा शाळांमध्ये शिकतात जिथे पोलीस आहे पण काउन्सेलर, नर्स, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर यांतलं कुणीतरी एक नाहीये. चारही जण असायला हवेत असं मी म्हणत नाही, पण तेरा वर्षांची मुलगी बाथरूममध्ये रडत बसलेली सापडली तर तिच्याशी बोलायला कोण जाणार हा साधा प्रश्न आहे.

आता मुख्य गोष्ट. शाळेतला गोंधळ दोन प्रकारचा असतो, एक शिस्तीचा आणि एक गुन्ह्याचा, आणि दोन्हींच्या मधली रेघ कागदावर ओढलेली नसेल तर ती त्या दिवशी त्या अधिकाऱ्याच्या मूडवर ओढली जाते. मोबाईल आत ठेव म्हटलं आणि मुलाने ठेवला नाही, ही शिस्त. हायस्कूलात पोरापोरांची ढकलाढकली, ही शिस्त की मारहाण? 2015 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात एका वर्गात मुलगी फोन ठेवेना, वर्गाबाहेर जाईना, म्हणून शाळेतल्या शेरिफच्या अधिकाऱ्याला बोलावलं, त्याने तिला बाकासकट मागे उलटवून जमिनीवर ओढलं आणि अटक केली. तिच्यासाठी आवाज उठवणाऱ्या वर्गातल्या दुसऱ्या मुलीलाही अटक झाली. त्या राज्यात तेव्हा शाळेत व्यत्यय आणणं हा फौजदारी गुन्हा होता! 2018 मध्ये तो कायदा बदलला, आता तो त्याच शाळेतल्या विद्यार्थ्यांना लागत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोरून ते बाक हलत नाही. शिक्षकाने बोलावलं नसतं तर अधिकारी आला नसता, आणि करारात शिस्तीसाठी पोलिसाला बोलवायचं नाही असं ठणकावून लिहिलेलं असतं तर शिक्षकाने बोलावलं नसतं.

चांगल्या करारात हे वाक्य पहिल्या दोन पानांत सापडतं, शिस्त शाळेची, पोलीस त्यात पडणार नाही. एसआरओंची जी राष्ट्रीय संघटना आहे, नासरो, 1991 ची, ती स्वतःसुद्धा आपल्या लोकांना हेच शिकवते, अधिकाऱ्याची तीन कामं, कायदा राखणं, मुलांना शिकवणं आणि मोठ्या माणसासारखं समजून घेऊन बोलणं. त्यांचा पहिला कोर्स 40 तासांचा असतो. तुमच्या अधिकाऱ्याने तो किंवा राज्याचा कोर्स शाळेत यायच्या आधी केलाय का नंतर करणार आहे हे विचारण्यासारखं आहे. आणि हो, यांतली कितीतरी माणसं मनापासून चांगली असतात. आमच्या ओळखीतल्या एका घरी गणपतीच्या सजावटीला मुलाने फोम बोर्ड कापून मखर केलं होतं, तो कटर दप्तराच्या खालच्या कप्प्यात राहिला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बाहेर पडला. शाळेच्या भाषेत ते हत्यार. आईवडिलांचे पाय लटपटत होते. अधिकाऱ्याने मुलाशी दोन मिनिटं बोलून, घरी फोन करून, मखराचा फोटो बघून सांगितलं की यात काही नाहीये, घेऊन जा. त्या माणसाचे आभार मानावे तेवढे थोडे. पण नंतर मी करार वाचला तेव्हा कळलं की असं वागायला त्याला कागदाने सांगितलेलं नव्हतं, तो फक्त माणूस म्हणून बरा होता, आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये त्याची बदली झाली.

कायद्याची बाजू थोडी सावकाश वाचा, आपल्या मुलांना थेट लागू होते ती. 1980 मध्ये पिस्काटवे हायस्कूलमध्ये, म्हणजे एडिसनच्या शेजारी, आपली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात तिथेच, 14 वर्षांची एक मुलगी बाथरूममध्ये सिगरेट ओढताना सापडली. ती नाही म्हणाली, व्हाइस प्रिन्सिपलनी तिची पर्स उघडली, त्यात सिगरेट आणि गांजा विकल्याचा पुरावा निघाला, आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. 1985 मध्ये कोर्टाने सांगितलं की मुलांना शाळेतही झडतीपासून संरक्षण आहे, पण शाळेच्या माणसाला पोलिसाइतका भक्कम संशय लागत नाही, वाजवी शंका पुरते, वॉरंटही नको. आता इथे मेख बघा. तो निकाल शाळेच्या माणसाबद्दल होता, पोलीस बरोबर असेल तर काय हे कोर्टाने तेव्हा मुद्दाम उघडं ठेवलं. मग शाळेतच बसणारा पोलीस शाळेचा माणूस धरायचा की पोलीस? खालच्या कितीतरी कोर्टांनी त्याला शाळेच्या बाजूचा धरून तोच सैल नियम लावलाय. म्हणजे रस्त्यावर ज्या पोलिसाला तुमच्या मुलाचं दप्तर सहज उघडता येणार नाही त्यालाच शाळेच्या कॉरिडॉरमध्ये ते उघडणं सोपं जातं, आणि जे सापडेल ते पुढे कोर्टात वापरलं जाऊ शकतं.

चौकशीचं तसंच. नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलला 2005 मध्ये 13 वर्षांच्या मुलाला युनिफॉर्ममधल्या पोलिसाने वर्गातून उठवून एका बंद खोलीत नेलं, आत पोलीस आणि शाळेचे अधिकारी, अर्धा-पाऊण तास घरफोड्यांबद्दल प्रश्न विचारले. त्याचा सांभाळ आजी करायची, तिला फोनसुद्धा केला नाही. गप्प राहायचा हक्क आहे हे त्याला सांगितलं नाही, आणि शाळेच्या माणसाने खरं सांगून टाक, योग्य ते कर म्हणून गळ घातली. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 असा निकाल दिला की पोलीस चौकशीत मुलाचं वय लक्षात घेतलंच पाहिजे, कारण मोठ्याला जिथे उठून जाता येईल असं वाटतं तिथे मुलाला वाटत नाही. शाळेत तर उठून जायची परवानगीच नसते ना! पण आईवडिलांना आधी बोलावलंच पाहिजे असं देशभर लागू होईल असं काही त्या निकालाने सांगितलं नाही. काही राज्यांनी आपापले नियम केलेत, काही डिस्ट्रिक्टांनी करारात घातलंय, बाकीच्यांनी काहीच नाही. आपल्याकडे भारतात पॉक्सो कायद्यात लिहिलंय की पीडित मुलाचा जबाब घेताना पोलिसाने युनिफॉर्म घालू नये, मूल बिचकतं म्हणून. ते कलम लिहिणाऱ्यांना मूल कळलं होतं असं मला वाटतं.

मग पोलीस असल्याने शाळा सुरक्षित होते का? सरळ हो किंवा नाही असं उत्तर नाहीये, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. देशभरातल्या शाळांचे आकडे घेऊन केलेल्या एका मोठ्या अभ्यासातून, 2021 मध्ये तो पहिल्यांदा बाहेर आला, असं दिसलं की एसआरओ असलेल्या शाळांमध्ये मारामाऱ्यांसारखी हिंसा कमी होते, हे खरं आहे. पण गोळीबाराच्या घटना कमी होताना दिसत नाहीत, आणि सस्पेन्शन, शाळेतून काढणं, पोलिसात देणं, अटक, हे सगळं वाढतं, आणि काळ्या मुलांच्या बाबतीत ही वाढ गोऱ्या मुलांच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्या एका अभ्यासात 1980 ते 2019 मधल्या शाळेतल्या गोळीबाराच्या आणि तशा प्रयत्नांच्या 133 घटना तपासल्या, त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्शात जागेवर सशस्त्र माणूस होता, आणि तिथे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, उलट जास्त होते. यावर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, पोलीस बघून जो आलाच नाही त्याची नोंद अशा अभ्यासात येऊ शकत नाही. टेक्सासच्या आकड्यांवर 2019 मध्ये आलेला अभ्यास मला जास्त बोचला, केंद्राची ग्रँट आल्यावर मिडल स्कूलमध्ये शिस्तीच्या कारवाया 6 टक्क्यांनी वाढल्या आणि पुढे हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास घटलं.

आणि हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. 2015-16 च्या सरकारी आकड्यांत काळी मुलं शाळांमध्ये 15 टक्के होती, पण पोलिसांत दिलेल्या किंवा अटक झालेल्या मुलांत 31 टक्के. स्पेशल एज्युकेशनमधली मुलं साधारण 12 टक्के आणि अटकेच्या यादीत पाव हिस्सा तरी. इथे आपल्या लोकांना हात जोडून एक सांगायचंय. ऑटिझम, एडीएचडी आपल्या घरांतही आहे आणि आपण ते लपवतो, आयईपी, म्हणजे अशा मुलासाठी शाळेने बनवलेला लेखी आराखडा, घेतला तर मुलावर शिक्का बसेल म्हणून टाळतो. ज्या मुलाला आवाज सहन होत नाही, अंगाला हात लावलेला चालत नाही, त्याला भर कॉरिडॉरमध्ये पोलिसाने दंडाला धरलं तर काय होईल विचार करा. आयईपी असेल तर त्यात लिहून घेता येतं की मूल बिथरलं तर आधी कुणाला बोलवायचं, आणि कुणाला नाही. ते लिहिलेलं नसेल तर अधिकाऱ्याला तुमचं मूल नुसतं न ऐकणारं दिसतं.

मोठ्या घटनांकडे एकदा बघून घेऊ, कारण वाद शेवटी तिथेच येतो. फेब्रुवारी 2018, फ्लोरिडातलं पार्कलंड, 17 जण गेले, शाळेला नेमलेला अधिकारी बाहेरच थांबला, त्याच्यावर खटला झाला आणि 2023 मध्ये तो निर्दोष सुटला. त्या घटनेनंतरच फ्लोरिडाने प्रत्येक सरकारी शाळेत सशस्त्र माणूस सक्तीचा केला. मे 2022, टेक्सासमधलं युवाल्डी, 19 लहान मुलं आणि 2 शिक्षिका. तिथे डिस्ट्रिक्टचं स्वतःचं पोलीस खातं होतं, हळूहळू वेगवेगळ्या खात्यांचे 376 अधिकारी जमले, आणि वर्गाचं दार उघडून आत जायला 77 मिनिटं लागली, कारण हुकूम कुणी द्यायचा हेच कुणाला कळत नव्हतं. मला हे लिहितानाही हात जड होतो. आणि सप्टेंबर 2024, जॉर्जियातली अपालाची हायस्कूल, चार जीव गेले, पण शाळेतल्या अधिकाऱ्यांनी काही मिनिटांत त्या मुलाला गाठलं आणि तो शरण आला, नाहीतर आकडा किती झाला असता देव जाणे. म्हणजे पोलीस असून तीन ठिकाणी तीन गोष्टी घडल्या. युवाल्डीत माणसं कमी नव्हती, हत्यारं कमी नव्हती, कमी पडलं ते हे, की कोण कुणाचं ऐकणार हे आधी ठरलेलं नव्हतं.

2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या पोलिसाच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर मिनियापोलिसच्या स्कूल बोर्डाने आठ दिवसांत शहर पोलिसांशी करार तोडला, डेन्व्हर, मिलवॉकी यांनी पाठोपाठ तेच केलं, आणि ओकलंडने तर डिस्ट्रिक्टचं स्वतःचं पोलीस खातंच बंद करायचं ठरवलं. मग काय झालं ते बघण्यासारखं आहे. डेन्व्हरमध्ये मार्च 2023 ला एका हायस्कूलमध्ये एका मुलाची रोजची झडती घ्यायचं ठरलेलं होतं, पोलीस नसल्यामुळे ते काम शाळेचे प्रशासकच करत होते, त्या मुलाने पिस्तूल काढून दोघांना गोळ्या घातल्या. दोघे वाचले, आणि काही महिन्यांत बोर्डाने पोलीस परत आणले. शिकागोने मात्र 2024 मध्ये उलट ठरवलं, शाळांतून पोलीस काढायचे. मिनेसोटात 2023 ला राज्याने कायदा केला की शाळेच्या माणसांनी मुलांना पालथं दाबून धरायचं नाही, श्वास अडेल असं धरायचं नाही, आणि त्यात शाळेतला पोलीसही आला, तर कितीतरी पोलीस खात्यांनी सरळ आपली माणसं शाळांतून काढून घेतली. मार्च 2024 मध्ये कायदा दुरुस्त करून पोलिसांना त्यातून वगळलं, बदल्यात ट्रेनिंग आणि लेखी धोरण सक्तीचं केलं. तो पोलीस शाळेचा माणूस आहे की नाही, एवढ्या एका प्रश्नावर सगळं राज्य अडलं होतं.

पण शहर आणि डिस्ट्रिक्ट यांच्यातली ओढाताण बघायची तर मिलवॉकी. शहराची तिजोरी रिकामी होत आली होती, विक्रीकर वाढवायला राज्याची परवानगी हवी होती, 2023 मध्ये विस्कॉन्सिनने ती दिली आणि त्याच कायद्यात अट घातली की शाळांमध्ये किमान 25 पोलीस अधिकारी हवेत, 1 जानेवारी 2024 पासून. तारीख आली आणि गेली. शहर म्हणे पैसे डिस्ट्रिक्टने द्यावेत, डिस्ट्रिक्ट म्हणे पोलीस तुमचे, कर तुम्हाला मिळाला, तुम्ही द्या. वर्ष गेलं तरी एक अधिकारी शाळेत नाही, शेवटी एक पालक कोर्टात गेले, जानेवारी 2025 मध्ये न्यायाधीशांनी बजावलं, खर्च अर्धा अर्धा ठरला, आणि मार्चमध्ये अधिकारी शाळांमध्ये दिसले. त्या सगळ्या वर्षभरात ते आत आल्यावर काय करणार यावर चर्चा झाली त्याच्या कितीतरी पट बिल कुणी भरायचं यावर झाली.

आता आपल्या मुलांचं. आपण घरी काय शिकवतो, मोठ्यांनी विचारलं की खरं बोलायचं, उलट बोलायचं नाही, शिक्षकांसमोर मान खाली. पोलीस म्हटलं की तर आपल्या पोटात गोळाच येतो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्या हाडात मुरलंय, आणि त्याचमुळे आपण मुलांशी या विषयावर बोलतच नाही. मी माझ्या मुलीला बसवून सांगितलंय. ऑफिसर हसून गुड मॉर्निंग म्हणाला तर हसून म्हण, मैत्री कर, काही भीती वाटली तर त्याच्याकडे धावत जा. पण त्याने किंवा त्याच्यासमोर प्रिन्सिपलनी एखाद्या घडलेल्या प्रकाराबद्दल विचारायला बसवलं तर नम्रपणे म्हणायचं, मला आधी आईबाबांना फोन करायचाय. खोटं बोलायचं नाही, पळायचं नाही, त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, पण उत्तर द्यायची घाईही नाही. फोन दाखव म्हटलं तर माझी संमती नाही एवढंच शांतपणे म्हणायचं. पोलिसाला फोनमधलं बघायला साधारणपणे वॉरंट लागतं, सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये तसं सांगितलंय. पण मूल स्वतःच अनलॉक करून हातात देतं तेव्हा वॉरंटचा प्रश्नच उरत नाही.

आणि स्नॅपचॅटवरची गंमत. अपालाचीनंतरच्या महिन्याभरात देशभर कितीतरी मुलांना ऑनलाइन धमकीसाठी पकडलं, फ्लोरिडात एका शेरिफने तर 11 वर्षांच्या मुलाला बेड्या घालून चालवत नेतानाचा व्हिडिओ जाहीर टाकला. उद्या शाळा उडवतो असं लिहिणं ही गंमत धरली जात नाही, कुणीतरी पाठवलेला तसा मेसेज पुढे ढकलणंही नाही. आमच्यातले अर्धे एच-1 वर, मुलं एच-4 वर, ग्रीन कार्डची रांग कुठवर आलीये ते आपल्याला माहीतच आहे, आणि त्या फॉर्मवर कधी अटक झाली होती का हा प्रश्न असतो. तसं काही झालंच तर शाळेला माफीचं पत्र लिहून मोकळं व्हायच्या आधी वकिलाशी बोला, इमिग्रेशनच्याही.

शेवटचं, कागद कुठे मिळतो. करार सार्वजनिक असतो, डिस्ट्रिक्टच्या बिझनेस ऑफिसला ईमेल केलं तरी देतात, नाही दिला तर न्यू जर्सीत ओप्राची रिक्वेस्ट टाकायची, आपल्या माहिती अधिकारासारखंच आहे ते. इथे राज्याने पोलीस आणि शाळांसाठी एक सामायिक करारनामा ठरवून दिलाय, त्यावर प्रत्येक डिस्ट्रिक्टला दर वर्षी सही करावी लागते, एसआरओचा करार त्याच्या जोडीला असतो, दोन्ही मागा. आमचा मला आठ दिवसांत मिळाला, चौदा पानं. त्यांतली पाच पानं विमा, ओव्हरटाइम आणि गाडी कुणाची यावर. चौकशीच्या आधी पालकांना फोन करायचा का यावर एक शब्द नाही. शिस्तीत पडायचं नाही असं आहे, पण प्रिन्सिपलने विनंती केली तर पडायचं अशी शेपटी जोडलेली. अटका किती झाल्या, कुठल्या मुलांच्या, याचा हिशोब बोर्डासमोर मांडायची सोय नाही. अधिकारी निवडताना शाळेला विचारतात का, तेही नाही.

बोर्डाने सही केली असली तरी करार दोघांचा आहे, गावाच्या काउन्सिलचा ठराव अजून व्हायचाय. मी तीन वाक्यं लिहून क्लार्ककडे दिलीयेत, बोलण्यासाठी प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. कॉफीवाल्या ग्रुपमधले दोघे येतो म्हणालेत, त्यांतली एक तीच, आपल्याला काय करायचंय म्हणणारी, तिचा मुलगा या सप्टेंबरमध्ये मिडल स्कूलला जातोय. मीटिंग मंगळवारी संध्याकाळी साडेसातला, म्युनिसिपल बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, अजेंड्यावर आमचा विषय अकरावा आहे.